समाजकार्याचे शिक्षण आणि गावाचे ऋण



ज्या वर्गखोल्यांत बसून मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून आमच्या दिवंगत हेडमास्तरांच्या स्मरणार्थ बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपली अंतःकरणपूर्वक आभारी आहे. मी विदुषी नाही. माझे आयुष्य समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना गावोगावी नेण्यात, त्यांच्या वह्या तपासण्यात आणि त्यांच्याबरोबर पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांच्या वाटा तुडवण्यात गेले. त्यामुळे मला जे थोडेफार ठाऊक आहे, त्याविषयीच मी बोलणार आहे. विषय आहे समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य आणि त्यावर देखरेख करणाऱ्या मार्गदर्शकाची जबाबदारी.

या विषयाचा आमच्या हेडमास्तरांशी संबंध काय, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल. तो संबंध एका प्रसंगाने स्पष्ट होईल.

मुक्तीनंतरचा तो काळ होता. पेडणे महालात गावोगावी मराठी शाळा उघडत होत्या आणि शिक्षकांचा तुटवडा होता. आम्ही सातवीत असताना अध्यापनाचे प्रशिक्षण घेणारे एक तरुण गृहस्थ आमच्या वर्गावर पाठ घ्यायला आले. विषय होता अपूर्णांकांचा भागाकार. हेडमास्तर मागच्या बाकावर वही घेऊन बसले होते. त्या गृहस्थांनी गडबडीत भाजकाऐवजी भाज्यच उलटा केला आणि फळाभर उदाहरणे चुकीची सोडवली. आम्ही ती इमानेइतबारे उतरवून घेतली. हेडमास्तर एक शब्दही बोलले नाहीत. शाळा सुटल्यावर मात्र व्हरांड्यात ते दोघे एका बाकावर, एकाच वहीवर मान झुकवून बराच वेळ बसलेले आम्ही पाहिले. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला तेच गृहस्थ पुन्हा वर्गात आले. त्यांनी फळ्यावर कालचे पहिले उदाहरण लिहिले आणि म्हणाले, "मुलांनो, काल मी चुकलो. आज आपण ते नीट करू." हेडमास्तर पुन्हा मागच्या बाकावर होते.

तेव्हा मला यात काही विशेष वाटले नाही. पुढे मुंबईत समाजकार्याचे शिक्षण घेताना देखरेखीवरची पुस्तके वाचली आणि ध्यानात आले की, त्या दोन दिवसांत हेडमास्तरांनी तीन गोष्टी केल्या होत्या. शिकणाऱ्याला त्यांनी आपले काम स्वतः करू दिले. चूक त्याच्या लक्षात आणून दिली, ती चारचौघांत नव्हे, पण त्याच दिवशी. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्यांचे नुकसान झाले होते त्यांच्यासमोर त्याच्याच हातून ती दुरुस्त करवून घेतली. शिकाऊ शिक्षक शिकला पाहिजे, पण त्याच्या शिकण्याची किंमत मुलांनी देता कामा नये, हा त्यामागचा विचार होता. आज मला जे सांगायचे आहे, त्याचे सार एवढेच आहे. बाकीचे विवेचन त्याचा विस्तार होय.

क्षेत्रकार्य म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगते. वैद्यकाचा विद्यार्थी जसा रुग्णालयात शिकतो, तसा समाजकार्याचा विद्यार्थी वस्तीत, दवाखान्यात, शाळेत, बालगृहात किंवा पंचायतीत शिकतो. साधारणतः आठवड्याचे दोन दिवस तो प्रत्यक्ष कामावर असतो, उरलेले दिवस वर्गात. याखेरीज ग्रामीण शिबिर असते आणि अभ्यासक्रमाच्या अखेरीस सलग काही आठवडे एखाद्या संस्थेत राहून काम करावयाचे असते. प्रत्येक भेटीनंतर त्याने काय पाहिले, काय केले, काय वाटले याची नोंद लिहावयाची आणि दर आठवड्याला मार्गदर्शकासमोर बसून तिच्यावर चर्चा करावयाची. ही चर्चा वगळली, तर उरते ती केवळ सहल.

आपल्या देशात या शिक्षणाचा आरंभ १९३६ साली मुंबईत झाला. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आली. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याआधी नागपाड्याच्या कामगारवस्तीत नेबरहूड हाऊस चालवीत होते. म्हणजे आपल्याकडे वस्ती आधी आली आणि वर्ग नंतर आला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली. नागपूर, कोल्हापूर येथेही अशी महाविद्यालये झाली. गोव्यातल्या आमच्या पिढीला मात्र या शिक्षणासाठी बाहेरच जावे लागे. आज हे शिक्षण गोव्यात मिळू लागले आहे, ही समाधानाची बाब होय.

परंतु मुंबईच्या चाळींसाठी घडलेली पद्धत घेऊन विद्यार्थी जेव्हा पेडण्यात किंवा डिचोलीत उतरतो, तेव्हा त्याच्या पुस्तकात नसलेल्या पुष्कळ गोष्टी त्याच्यापुढे उभ्या राहतात. हे दोन्ही तालुके नव्या काबिजादींपैकी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांकडे गेले. त्यामुळे येथला जमिनीचा इतिहास साष्टी-बारदेशपेक्षा निराळा आहे. कोणाचे घर कोणाच्या भाटात आहे, कूळ कोण आणि मुंडकार कोण, एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव कोणाचे लागले आहे, हे समजल्याशिवाय येथल्या एकाही कुटुंबाचे दुखणे समजत नाही. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५ साली कायदा झाला. तरी आपण मुंडकार आहोत हे कागदावर सिद्ध करण्यासाठी मामलेदाराच्या कचेरीत वर्षानुवर्षे खेपा घालणारी माणसे मी पाहिली आहेत.

कुटुंबविषयक कायद्याचेही तसेच. बाहेरून आलेली विद्यार्थिनी हिंदू वारसा कायदा पाठ करून येते आणि तोच एखाद्या विधवेला समजावून सांगू लागते. गोव्यात १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि तिच्यातला अर्धा वाटा पत्नीचा असतो. वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ सालच्या स्वतंत्र अधिनियमात आला असून तो २०१६ पासून अमलात आहे. म्हणजे त्या विधवेचा हक्क विद्यार्थिनी सांगते त्याहून मोठा असू शकतो. सद्भावनेने दिलेला चुकीचा सल्ला दुर्भावनेने दिलेल्या सल्ल्याइतकाच घातक ठरतो. तो रोखणे हे मार्गदर्शकाचे काम आहे.

आणि भाषा! येथला माणूस घरात कोंकणी बोलतो, वर्तमानपत्र आणि पोथी मराठीत वाचतो, भजन मराठीत म्हणतो, आणि त्याच्या नावाने आलेली नोटीस मात्र इंग्रजीत असते. विद्यार्थी त्याच्याविषयी जी नोंद लिहितो, तीही इंग्रजीतच. ज्याच्याबद्दल ती लिहिली, त्याला ती वाचता येत नाही. मी पुढे पुढे असा दंडक घातला होता की, नोंदीतला जो भाग कुटुंबाला सांगण्यासारखा आहे, तो विद्यार्थ्याने त्यांना मराठीत किंवा कोंकणीत वाचून दाखवावा. अनेकदा कुटुंबेच चुका दुरुस्त करीत. "बाई, आम्ही असं बोललोच नव्हतो," असे ऐकणे हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठा धडा असतो.

आता मी माझ्या स्वतःच्या चुकीकडे वळते. ती सांगितल्याखेरीज हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

डिचोली तालुक्यातील मये गावाची हकीगत आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. मुक्तीनंतर मालक देशाबाहेर राहिल्यामुळे तेथील बरीच जमीन १९६४ सालच्या कायद्यान्वये परागंदांची मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या, शेती कसणाऱ्या लोकांना आपल्याच घराचा कागद मिळेना. २०१४ साली विधानसभेने त्यासाठी कायदा केला आणि त्यानंतर सनदा देण्याचे काम टप्प्याटप्प्याने सुरू झाले. मी सांगते तो प्रसंग त्याच्या काही वर्षे आधीचा आहे.

गोव्याबाहेरच्या एका महाविद्यालयातून एक विद्यार्थिनी महिनाभरासाठी माझ्याकडे आली होती. मुलगी हुशार, कष्टाळू आणि मायाळू होती. मये गावातल्या एका एकट्या राहणाऱ्या वृद्धेकडे ती जाऊ लागली. म्हातारीचे सारे बोलणे घराच्या कागदाभोवती फिरे. एके दिवशी त्या मुलीने तिला सांगितले, "आजी, तुमचा कागद मी करून देते. चतुर्थीपर्यंत होईल." नोंदवहीत तिने लिहिले की, वृद्धेस आश्वासन दिल्याने तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. ती नोंद मी वाचली, तिच्याखाली सही केली आणि पुढल्या पानाकडे वळले. महिना संपला. मुलगी गेली. तिला गुणही उत्तम मिळाले.

चतुर्थी उलटून गेल्यावर कधीतरी मी त्या वाड्यावर गेले. म्हातारी ओसरीवरच होती. घरपट्टीच्या पावत्या आणि रेशनकार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिने पिशवी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. मला पाहताच तिने विचारले, "ती कागदांची बाय केन्ना येतली गो?" मग शेजाऱ्यांकडून कळले की, मधल्या काळात वाड्यावरच्या लोकांनी मिळून सरकारकडे अर्ज केला होता आणि म्हातारीने त्यावर अंगठा द्यायचे नाकारले होते. आपले काम त्या बाईकडे दिले आहे, दोन ठिकाणी कशाला, असे तिचे म्हणणे होते.

मित्रहो, त्या मुलीला मी दोष देत नाही. ती शिकत होती. दोष माझा होता. 'आश्वासन' हा शब्द माझ्या डोळ्यांखालून गेला आणि मी थांबले नाही. कोणत्या अधिकाराने आश्वासन दिलेस, तू गेल्यावर ते कोण पाळणार, हे दोन प्रश्न मी विचारायला हवे होते. आमच्या हेडमास्तरांनी त्या शिकाऊ शिक्षकाला व्हरांड्यात जे विचारले असेल, ते मी विचारले नाही.

नंतर जे करणे शक्य होते ते केले. म्हातारीजवळ बसून सांगितले की चूक आमची झाली. शेजाऱ्यांना विनंती करून तिचे नाव पुरवणी अर्जात घातले. त्या मुलीला कळवले, तेव्हा तिने मराठीत पत्र लिहून माफी मागितली. ते मी म्हातारीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "चिठी बरी आसा. पूण तिणें येवंक जाय आशिल्लें." येणे हे महत्त्वाचे होते. शिकाऊ शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात परत आले होते. माझी विद्यार्थिनी परत आली नाही, कारण मी तिला परत आणले नाही.

त्यानंतर माझ्या विद्यार्थ्यांसाठी एक नियम झाला. निरोपाची भेट दिल्याखेरीज कुणीही मुक्काम हलवायचा नाही. त्या भेटीला मार्गदर्शकाने बरोबर असायचे. काय झाले, काय झाले नाही आणि पुढे कोणाकडे विचारायचे, हे त्या घराला स्पष्ट सांगायचे. वचन द्यायचे तर उद्याचे द्यावे, चतुर्थीचे देऊ नये.

मार्गदर्शकाचे दुसरे काम म्हणजे विद्यार्थ्याची नजर योग्य ठिकाणी वळवणे. डिचोलीत खाणींवर अवलंबून असलेली शेकडो घरे आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारच्या आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. काही काळाने त्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालामुळे त्याच मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. पुढे लिलाव होऊन २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन परत सुरू झाले. मधल्या वर्षांत खनिजवाहू ट्रक अंगणात उभे होते. एका विद्यार्थ्याने अशाच एका ट्रकमालकाच्या नोंदीवर 'मद्यपानाची समस्या' असा मथळा दिला आणि समुपदेशनाच्या सहा भेटींची आखणी केली. मी त्याला एवढेच विचारले की, ट्रकचा हप्ता कधीपासून थकला आणि दारू कधीपासून वाढली? दोन्ही तारखा त्याने शोधून आणल्या. त्या जवळजवळ एकच निघाल्या. मग त्याने बँकेची नोटीस वाचली, सरकारी मदतीच्या योजनेची माहिती काढली, त्या घरातल्या बाईच्या उत्पन्नाचा विचार केला. दारूचा प्रश्न खोटा नव्हता. पण केवळ माणसाला सुधारायला निघालेल्या विद्यार्थ्याला डोंगरातला खड्डा दिसला नव्हता. त्याचबरोबर खाणीमुळे ज्यांच्या शेतात गाळ आला, त्यांच्याही घरी मी त्याला पाठवले. एकाच गावात दोन दुःखे असतात आणि ती एकमेकांविरुद्ध उभी असतात, हे त्याला कळणे आवश्यक होते.

तिसरी गोष्ट गुपिताची. विद्यार्थ्याजवळ लोक मन मोकळे करतात. मुलेही करतात. ऐकलेले कुठे बोलू नये, हा आमच्या व्यवसायाचा पहिला धर्म. बालन्याय कायद्यानेही बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. परंतु लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली झालेल्या कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. "कुणाला सांगू नका हं ताई," असे म्हणणाऱ्या मुलीसमोर वीस-एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने काय करावे? तिने ते ओझे एकटीने रात्रभर वाहू नये. म्हणूनच मार्गदर्शकाचे दार आठवड्यातून एकदा नव्हे, रोज उघडे असले पाहिजे. देखरेख म्हणजे पहारा नव्हे. देखरेख म्हणजे कुणीतरी मागच्या बाकावर आहे, ही खात्री.

पेडण्याकडे येऊ. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावरचे पर्यटन असो की मोप्याचे पठार, गेल्या काही दशकांत या तालुक्याचे रूप पालटून गेले. डिसेंबर २०२२ मध्ये मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. पठारावरच्या धनगर कुटुंबांना त्यासाठी जागा सोडावी लागली. २००३ साली गावडा, कुणबी, वेळीप या समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. धनगर-गवळी समाजाची मागणी त्यानंतरही चालूच राहिली. साहजिकच अशा वाड्यांवर अभ्यासकांची आणि विद्यार्थ्यांची रीघ लागते. एका वाड्यावरच्या वृद्ध गृहस्थांनी माझ्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली काढण्यापूर्वीच उत्तरे सांगायला सुरुवात केली: घरात माणसे किती, गुरे किती, शिक्षण किती. आम्ही चकित झालो. ते म्हणाले, "तुमच्याआधी आलेल्यांनीही हेच विचारले. तुम्ही त्यांच्याकडूनच का घेत नाही?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आधीच्या विद्यार्थ्यांचे अहवाल दूरच्या कपाटांत होते. वाड्यावर त्यांतले एक पानही नव्हते. आम्ही त्या दिवशी प्रश्नावली बाहेर काढली नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या दाखल्यांचे काम अडले होते, ते हाती घेतले.

गाव विद्यार्थ्याला शिकवते. वेळ देते, चहा देते, आपले दुखणे उघडे करते. त्याबद्दल ते काही मागत नाही, म्हणून त्याचे ऋण नाही असे होत नाही. हे ऋण फेडण्याची व्यवस्था म्हणजेच मार्गदर्शकासह होणारे क्षेत्रकार्य.

आता या शाळेपुढे आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांपुढे तीन नम्र सूचना ठेवते. पहिली, या शाळेने समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी स्वीकारावे. शाळा सोडू पाहणाऱ्या मुलांच्या घरी जाण्याचे काम त्यांना द्यावे. मात्र एका वेळी दोघांहून अधिक घेऊ नयेत आणि एका शिक्षकाने त्यांचा स्थानिक मार्गदर्शक म्हणून आठवड्याचा एक तास राखून ठेवावा. दुसरी, आपल्या माजी विद्यार्थ्यांत निवृत्त तलाठी आहेत, परिचारिका आहेत, वकील आहेत, पंचायतीत काम केलेली माणसे आहेत. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकाला उतारा वाचता येत नाही, तुम्हाला येतो. महिन्यातून एक दिवस या मुलांसाठी द्या. तिसरी, शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट असे ठेवा की, या परिसरात होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाचा मराठी गोषवारा, नावे-गावे गाळून, तेथे जमा होईल. म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला वाड्यावर जाण्याआधी तो वाचायला सांगता येईल, आणि त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर मिळेल.

या गोष्टींना मोठा पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि मागच्या बाकावर शांतपणे बसण्याची तयारी. आमच्या हेडमास्तरांपाशी ती होती. त्यांनी समाजकार्याचे शास्त्र वाचलेले नव्हते. परंतु शिकाऊ माणसाची अब्रू आणि मुलांचे हित, ही दोन्ही एकाच वेळी कशी सांभाळावी, हे त्यांना नेमके कळत होते. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेते.